दिवाळीची सुटी आणि आरोग्य

सुटी म्हणजे केवळ शाळेच्या घंटेपासून सुटका नव्हे; शरीर व मन यांना ताजेंतवानें करून पुन्हां कामास लावण्याची ती एक संधि आहे. परंतु पुष्कळदां असें होतें कीं, दिवाळी संपून शाळा उघडते तेव्हां कोणाचें पोट बिघडलेलें असतें, कोणाचा घसा बसलेला असतो, तर कोणाच्या घरीं खर्चाची चिंता शिरलेली असते. ज्या सणांत धनत्रयोदशीस धन्वंतरीचें पूजन होतें, त्याच सणांत आरोग्य हरवावें ही मोठी विसंगति होय. म्हणून या विषयाचा क्रमवार विचार आम्ही येथें करीत आहों.

आहार. चकली, शेव, करंजी, अनारसे हे पदार्थ वर्ज्य करावे असें आमचें म्हणणें नाहीं. वर्षाकाठीं येणारा हा आनंद नाकारण्यांत शहाणपण नाहीं. मात्र फराळ हा फराळच असावा, त्याचें जेवण होऊं नये. तळणाचें उरलेलें तेल पुनःपुन्हां तापविल्यास त्यांत अपायकारक द्रव्यें तयार होतात. तें पुढच्या घाण्यासाठीं राखून ठेवूं नये. प्रौढ मनुष्यास दिवसाकाठीं ५ ग्रॅमहून कमी मीठ पुरेसें आहे, आणि शेव-चिवड्याबरोबर तें नकळत वाढतें. याच दिवसांत बालाघाटच्या डोंगरउतारांवर सीताफळें पिकतात. बीडच्या सीताफळास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. घरचें फळ, ज्वारीची भाकरी आणि ताक यांवर सणाचा एखादा दिवस काढला तर पोटासही सुटी मिळेल.

निद्रा व व्यायाम. सहा ते बारा वर्षांच्या मुलांस ९ ते १२ तास आणि त्यांहून मोठ्या विद्यार्थ्यांस ८ ते १० तास झोप लागते. हल्लीं दिवाळीच्या रात्रीं आकाशकंदिलापेक्षां मोबाईलचा पडदाच अधिक वेळ उजळलेला असतो! निजण्यापूर्वीं तो दूर ठेवावा, आणि रोज निदान तासभर मैदानांत खेळावें. अपुऱ्या झोपेनें मन चिडचिडें होतें आणि क्षुल्लक कारणावरून भावंडांत भांडणें लागतात.

फटाके. दिवाळीस फटाके रात्रीं ८ ते १० या दोन तासांतच उडवावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं दिला होता. भाजल्यास त्या जागीं शाई, हळद वा टूथपेस्ट लावूं नये. वीस मिनिटें साधें गार पाणी सोडावें, स्वच्छ कापडानें झांकावें आणि दवाखाना गांठावा.

आतां मुख्य गोष्ट. आपल्या जिल्ह्यांतील असंख्य घरांत पणत्या विझतात न विझतात तोंच बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढतें. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, किंबहुना कर्नाटकापर्यंत ऊंसतोडीस जाणारीं हीं कुटुंबें चार-सहा महिने परत येत नाहींत. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल त्या दोघांनीं ऊंस तोडून फेडावयाची. अशा घरीं दिवाळी म्हणजे हर्ष आणि धास्ती यांचें मिश्रण असतें. आईबाप जाणार हें कळलें कीं मुलें गप्प होतात वा हट्ट करितात. तो हट्ट नव्हे, वियोगाची भीति आहे. पालकांनीं मुलांपासून निघण्याचा दिवस लपवूं नये. कोठें जाणार, कोण सांभाळणार, फोन केव्हां येणार, हें आधींच सांगावें. आणि विद्यार्थ्यांनो, शेजाऱ्याच्या नव्या कपड्यांकडे पाहून घरीं मागणी करूं नका. सणापायीं उचलेंतून गेलेला प्रत्येक रुपया आईला फडांत आणखी राबूनच फेडावा लागतो.

आईच्या प्रकृतीविषयीं थोडें स्पष्ट लिहिणें आम्हांस कर्तव्य वाटतें. २०१९ सालीं शासनानें या जिल्ह्यांतील ८२,३०९ ऊंसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हां १३,८६१ जणींचें गर्भाशय शस्त्रक्रियेनें काढलेलें आढळलें. म्हणजे दर सहा जणींमागें सुमारें एक. कामाचा खाडा पडला तर पैसे कापले जातात, म्हणून दुखणें अंगावर काढावयाचें, आणि शेवटीं तें मुळासकट काढून टाकावयाचें, असा हा क्रम आहे. वास्तविक यांतील पुष्कळ विकार वेळीं केलेल्या औषधोपचारानें बरे होतात. तरुण वयांत गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढल्यास हाडें लवकर ठिसूळ होतात. म्हणून निघण्यापूर्वीं याच सुटींत सरकारी रुग्णालयांत तपासणी करून घ्यावी, आणि कोणी शस्त्रक्रिया सुचविली तर दुसऱ्या डॉक्टरांचें मत घेतल्याशिवाय होकार देऊं नये. अंबाजोगाईस तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयच आहे.

प्रवासास निघतांना लहान मुलांचें लसीकरणाचें कार्ड बरोबर घ्यावें. कोपींत निजतांना मच्छरदाणी कडेनें नीट खोंचावी. तिनें डांस तर टळतातच, सापापासूनही संरक्षण होतें. सर्पदंश झाल्यास जखम कापूं वा चोखूं नये. अवयव न हलवितां १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. ज्यांना मुलें मागें ठेवावयाचीं आहेत, त्यांनीं हंगामी वसतिगृहाची चौकशी मुख्याध्यापकांकडे निघण्याआधींच करावी.

ज्या विद्यार्थ्याचें मन वारंवार उदास होतें, त्यानें तें विश्वासाच्या वडील माणसास सांगावें. १४४१६ या क्रमांकावर २०२२ सालापासून मानसिक आरोग्याचा सल्ला विनामूल्य मिळतो. संकटांतील बालकांसाठीं १०९८ आहे. दुःख बोलून दाखविण्यांत दुबळेपणा नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, आरोग्य हें एकट्याचें नसतें, घराचें असतें. तुम्ही वेळेवर निजलांत, घरकामास हात लावलात आणि आईला एकदां दवाखान्यांत नेऊन आणलेंत, तर या सुटीचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.