रिहॅबला जाताना फूड स्टॅम्पचं काय होतं?

अमेरिकेत वीस-पंचवीस वर्षं काढलेल्या आम्हा काही मराठी कुटुंबांकडे नव्याने आलेली माणसं प्रश्न घेऊन येतात. शाळा, विमा, गाडीचं लायसन्स हे प्रश्न चारचौघांत विचारले जातात. एक प्रश्न मात्र मंडळाच्या गणपतीत, आरती संपल्यावर, दाराशी चपला शोधता शोधता हळूच विचारला जातो: "ह्यांना रिहॅबमध्ये ठेवायला सांगितलंय. मग आमचं फूड स्टॅम्पचं कार्ड बंद होईल का हो?"

नाही, होत नाही. उपचाराला गेला म्हणून कोणाचं अन्न तोडावं, असं इथला कायदा सांगत नाही. पण घरातला एक माणूस दुसरीकडे जेवायला लागला की हिशेब बदलतो. तो बदल आधी माहीत नसेल तर त्रास होतो, म्हणून हे टिपण.

फूड स्टॅम्प हे जुनं नाव कायद्यातून २००८ साली गेलं. आता योजनेचं नाव स्नॅप. कॅलिफोर्नियात तिलाच कॅलफ्रेश म्हणतात. पैसे दर महिन्याला ईबीटी कार्डावर येतात. स्नॅपच्या लेखी घर म्हणजे एका छपराखाली राहून एकत्र किराणा आणणारी आणि एकत्र रांधणारी माणसं. नवरा-बायको एकत्र राहत असतील तर त्यांना वेगळं घर दाखवता येत नाही, आई-वडिलांसोबत राहणाऱ्या बावीस वर्षांखालच्या मुलांनाही नाही. ही व्याख्या नीट लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

हे कोणाला मिळतं, यावर आपल्या लोकांत फार गैरसमज आहेत. एच-१बी किंवा एच-४ वर असलेल्याला स्वतःसाठी मिळत नाही. ग्रीन कार्डवाल्या प्रौढांना साधारण पाच वर्षं थांबावं लागतं. अठरा वर्षांखालच्या ग्रीन कार्डधारक मुलांना ती अट नाही. इथे जन्मलेलं मूल नागरिक असतं, त्यामुळे आई-वडील अपात्र असले तरी मुलापुरता अर्ज करता येतो. मात्र आई-वडिलांचं उत्पन्न हिशेबात येतं. म्हणून नोकरी चालू असलेल्या बहुतेक एच-१बी घरांना हे लागू होत नाही. नोकरी गेली की चित्र पालटतं, आणि दारूपायी नोकरी जाणं ही गोष्ट आपल्या समाजात आपण कबूल करतो त्यापेक्षा जास्त घडते.

आता मुख्य गोष्ट. जी संस्था माणसाला बहुतेक जेवणं देते, तिथे राहणाऱ्याला एरवी स्नॅप मिळत नाही. व्यसनमुक्ती केंद्र हा त्या नियमाला ठेवलेला एक अपवाद आहे. पण केंद्र ना-नफा संस्थेचं असावं लागतं किंवा सरकारी सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्र असावं लागतं, आणि ते मान्यतेच्या निकषात बसावं लागतं. नफ्यावर चालणाऱ्या खासगी रिहॅबमध्ये राहणाऱ्याला ही सवलत नाही. केंद्र निवडताना लोक डॉक्टर, खोली, बाग बघतात. फोनवर एवढं एक जरूर विचारा: "तुमच्याकडे राहणाऱ्यांना स्नॅप चालतं का?" ज्यांना रोज हेच काम असतं ते एका वाक्यात उत्तर देतात.

मान्य केंद्रात अर्ज माणूस स्वतः करत नाही, केंद्राचा नेमलेला कर्मचारी त्याच्या वतीने करतो. तिथे तो एका माणसाचं घर धरला जातो. आई मुलांना घेऊन केंद्रात राहत असेल तर मुलं तिच्याच घरात मोजली जातात. कार्ड केंद्राच्या ताब्यात राहतं आणि त्यावरचे पैसे त्याच्या जेवणावर खर्च होतात. अनेकांना इथे अपमान वाटतो. एका घरातल्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "माझ्या मुलाचं कार्ड परक्याच्या हातात कशाला?" सगळ्यांची एकत्र पंगत असलेल्या ठिकाणी प्रत्येकाने आपला वेगळा शिधा आणून चालत नाही, एवढंच त्याचं कारण आहे. कार्डावर दारू तशीही कधीच घेता येत नाही, तेव्हा संशयाचा त्यात भाग नाही.

एक माणूस एकाच महिन्यात दोन घरांत मोजता येत नाही. त्यामुळे केंद्राने अर्ज केला की त्याचं नाव घरच्या केसमधून निघतं. ऑक्टोबर २०२५ ते सप्टेंबर २०२६ या वर्षात अलास्का आणि हवाई सोडून इतर राज्यांत महिन्याची कमाल रक्कम चौघांना ९९४ डॉलर आहे, तिघांना ७८५ आणि एकट्याला २९८. म्हणजे ज्या घराला कमाल रक्कम मिळते, त्या घराचे २०९ डॉलर कमी होतात आणि केंद्रातल्या माणसासाठी २९८ सुरू होतात. घरच्या बाईला फक्त २०९ गेलेले दिसतात आणि तिला वाटतं, शिक्षा झाली. पण उलटंही घडतं, आणि ते सांगायला लोक विसरतात. कमावता माणूस बिनपगारी रजेवर गेला किंवा नोकरी सुटली तर उत्पन्न घटतं. ते काऊंटीला लगेच कळवलं तर तिघांची रक्कम वाढू शकते. आधी उत्पन्नामुळे अपात्र असलेलं घर पात्रही ठरू शकतं. अर्जाचा निकाल तीस दिवसांत लागतो. महिन्याचं उत्पन्न १५० डॉलरच्या आत आणि हातातली शिल्लक १०० डॉलरपेक्षा जास्त नसेल, किंवा भाडं-बिलं हे उत्पन्न आणि शिल्लक मिळून होणाऱ्या रकमेपेक्षा जास्त असतील, तर सात दिवसांत कार्ड मिळण्याचा हक्क आहे. "एक्स्पेडायटेड" हा शब्द खिडकीवर स्पष्ट उच्चारा.

नाव काढायचं राहून गेलं तर जादा मिळालेले पैसे पुढे वसूल होतात. आमच्या माहितीतल्या एका घरी तसंच झालं. वहिनी तीन महिने रोज केंद्रात फोन करत होत्या, काऊंटीला एकदाही केला नाही. नंतर परतफेडीची नोटीस आली. त्यांची लबाडी नव्हती, पण पैसे भरावे लागलेच.

सगळ्यांनाच मुक्कामी उपचार लागतात असं नाही. घरी राहून आठवड्यातून काही दिवस उपचाराला जाणाऱ्याचं नाव घरच्याच केसमध्ये राहतं, काही बदलत नाही. उलट एक फायदा होतो. जुलै २०२५ च्या कायद्यानंतर चौसष्ट वर्षांपर्यंतच्या, चौदा वर्षांखालचं मूल घरी नसलेल्या प्रौढांना महिन्याला ऐंशी तास काम किंवा प्रशिक्षण दाखवावं लागतं. नाही तर तीन वर्षांत तीनच महिने मदत मिळते. व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमात नियमित जाणारा या अटीतून सुटतो, मग तो केंद्रात राहो वा घरून जावो. त्यासाठी केंद्राकडून सहभागाचं पत्र घ्या. पत्र केसवर्करकडे पोचलं नसेल तर चौथ्या महिन्यात कार्ड रिकामं दिसतं आणि माणूस उपचार सोडून मिळेल ती शिफ्ट धरतो. हे आम्ही पाहिलं आहे आणि आम्हाला ते सगळ्यात जास्त लागतं.

केंद्रातून बाहेर पडतानाचा दिवस नीट सांभाळा. पंधरा तारखेपर्यंत निघाला आणि केंद्राने त्याच्या नावावर काही खर्च केलेला असेल, तर महिन्याच्या रकमेपैकी अर्धी त्याच्या खात्यात राहिली पाहिजे. काहीच खर्च केलेलं नसेल तर पूर्ण. सोळा तारखेला किंवा नंतर निघाला तर जे उरलं असेल ते. कार्ड त्याच्या हातात मिळालं पाहिजे. निघायच्या घाईत लोक औषधं घेतात, चार्जर घेतात आणि कार्ड विसरतात. त्याच दिवसापासून केंद्र त्याचं प्रतिनिधी राहत नाही. नवा पत्ता त्याने स्वतः दहा दिवसांत कळवायचा. घरी आला तर बायकोच्या केसमध्ये पुन्हा नाव घालायचं. काही जण आधी सोबर होममध्ये राहतात. १९७५ साली मेरीलँडमध्ये सुरू झालेल्या ऑक्सफर्ड हाऊससारख्या घरांत राहणारे आपला किराणा आपण आणतात, तिथून त्याने एकट्याच्या नावाने अर्ज करावा.

अमली पदार्थांच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांवर १९९६ च्या कायद्याने आजन्म बंदी घातली होती. बहुतेक राज्यांनी ती उठवली किंवा सैल केली आहे, आणि काही ठिकाणी उपचार पूर्ण करणं हीच अट आहे. आपल्या राज्याचा नियम विचारून घ्या.

आता भीतीबद्दल. "नोंद झाली तर ग्रीन कार्ड जाईल" हे वाक्य आम्ही सगळ्यांनी ऐकलंय. व्यसनाच्या उपचाराची कागदपत्रं इथे इतर वैद्यकीय कागदांपेक्षाही कडक संरक्षणात असतात. लेखी संमतीशिवाय केंद्र ती मालकाला किंवा नातेवाइकांना देऊ शकत नाही. म्हणून संमतीच्या कागदावर सही करताना नाव कोणाचं लिहिलंय ते वाचा. सरकारी मदतीचं ओझं होणारा माणूस कोण, हे ठरवताना २०२२ च्या नियमात स्नॅप धरलं जात नाही, पण तो नियम मागे घेण्याचा प्रस्ताव नोव्हेंबर २०२५ मध्ये आला आहे. म्हणून ज्यांचा ग्रीन कार्डचा अर्ज चालू आहे त्यांनी आधी इमिग्रेशन वकिलाला विचारावं. मंडळातल्या हुशार काकांना विचारून चालणार नाही. अमली पदार्थांचं व्यसन ग्रीन कार्डच्या वैद्यकीय तपासणीत आड येतं हे खरं, पण तिथे बारा महिन्यांचा व्यसनमुक्त काळ बघतात. म्हणजे उपचार टाळून काहीच वाचत नाही. नोकरीवाल्यांनी हेही लक्षात घ्यावं: पन्नास किंवा अधिक माणसांच्या कंपनीत वर्ष झालं असेल आणि १२५० तास भरले असतील, तर उपचारासाठी बारा आठवड्यांची बिनपगारी रजा हक्काने मागता येते. रजा आधी मागा. काढून टाकल्यावर एच-१बी वाल्याला जास्तीत जास्त साठ दिवस उरतात.

काही घरं माणसाला पुण्याला मुक्तांगणमध्ये नेतात. आपल्या भाषेत बोलता येतं, शेजारच्या खाटेवर आपल्यासारखाच कोणी असतो, हे बळ मोठं आहे. १९८६ पासून ते केंद्र हे काम करत आलं आहे. फक्त जाण्याआधी व्हिसाचा शिक्का, परतीची तारीख आणि काऊंटीची केस, तिन्ही पाहून निघा.

घरात पाच वर्षांखालचं मूल असेल किंवा कोणी गरोदर असेल तर विक योजनेचं दूध, अंडी, धान्य वेगळं मिळतं, आणि तिथे इमिग्रेशनचा दर्जा आड येत नाही. स्नॅप असलेल्या घरातल्या मुलांना शाळेत मोफत जेवण मिळतं. दुभाषी मोफत मिळतो. दहा वर्षांच्या मुलीला बापाच्या दारूबद्दल खिडकीवर भाषांतर करायला उभं करू नका. मदत नाकारली किंवा कापली तर नव्वद दिवसांत सुनावणी मागता येते. नोटिशीतल्या मुदतीत मागितली तर निकाल लागेपर्यंत जुनी रक्कम चालू ठेवता येते.

कुठून सुरुवात करायची सुचत नसेल तर साम्सा या सरकारी संस्थेची मोफत हेल्पलाइन आहे, रात्रंदिवस चालते: १-८००-६६२-४३५७. जीव नकोसा झाला असेल तर ९८८. आणि आम्हाला विचारायचं असेल तर आरती संपेपर्यंत थांबू नका, घरी या.