मोटारसायकलची पुढची काच : निगा आणि साठवण



गळीत हंगाम सुरू झाला की मोटारसायकलला विश्रांती नसते. पहाटे तोडीवर, दुपारी गट ऑफिसला, रात्री काट्यावर. थंडीचा वारा छातीवर नको म्हणून पुष्कळ जण विंडशील्ड, म्हणजे पुढची काच, बसवून घेतात. एक-दोन हंगामांत ती धुरकट होते. दिवसा त्याचं काही वाटत नाही. रात्री मात्र समोरून ट्रॅक्टरचा दिवा आला की चरे पडलेल्या काचेवर सगळा उजेड पसरतो, आणि कडेला थांबलेली उसाची ट्रॉली दिसतच नाही. म्हणून हा विषय घेतला आहे.

मुळात ही काच नव्हेच. ती ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकची असते. ॲक्रिलिकवर चरे जरा कमी पडतात, पण धक्क्यानं ते तडकतं. पॉलिकार्बोनेट सहसा फुटत नाही, पण चटकन ओरखडतं. म्हणून चांगल्या मालावर कठीण लेप दिलेला असतो. आपली कोणती, हे घेतानाच दुकानदाराला विचारून घ्यावं.

रस्त्याच्या धुळीत आणि बॉयलरच्या राखेत वाळूच्या जातीचे कण असतात. कोरड्या फडक्यानं काच पुसणं म्हणजे तिच्यावर पॉलिश पेपर मारणंच. आधी भरपूर पाणी ओतावं, मग भांडी घासायच्या पातळ साबणाचे चार थेंब पाण्यात टाकून जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यानं हलक्या हातानं पुसावं. चिलटं किंवा मळीचे शिंतोडे वाळले असतील तर ओलं फडकं दहा मिनिटं ठेवावं. नखानं खरवडू नये. वर्तमानपत्र आणि धुण्याचा सोडा दोन्ही वर्ज्य. टूथपेस्टनं ॲक्रिलिकवरचे बारीक चरे कमी होतात हे खरं, पण लेप दिलेल्या काचेवर ती लावली तर लेपच जातो.

पेट्रोल आणि थिनर तर लावूच नका. हल्ली पेट्रोलमध्ये आपल्या उसाचंच इथेनॉल असतं. ॲक्रिलिकला ते दोन्ही मानवत नाहीत, बारीक तडांचं जाळं उठतं.

हंगाम संपल्यावर काच काढून ठेवायची असेल तर धुऊन, पूर्ण वाळवून जुन्या सुती लुगड्यात गुंडाळावी. खताचं पोतं नको, ते खरखरीत असतं. प्लॅस्टिकचा कागद घट्ट गुंडाळला तर आत दमट राहतं आणि डाग पडतात. काच उभी, भिंतीला टेकवून ठेवावी. आडवी ठेवली की त्यावर कोणी तरी घमेलं ठेवतोच! जुन्या गोधडीची खोळ शिवून घेतली तर उत्तम. घरात ते काम जाणणारं कोणी असतंच.

जागा मात्र विचार करून निवडावी. आपल्याकडे शेडमध्ये फवारणीचा पंप, औषधाच्या बाटल्या, डिझेलचा कॅन एकाच कोपऱ्यात असतात. पुष्कळशा पातळ कीटकनाशकांत द्रावक असतं. ते सांडलं किंवा हाताला लागून काचेवर गेलं तर पॉलिकार्बोनेटला तडे जातात. त्यापेक्षा घरातल्या पलंगामागची जागा बरी.

परत बसवताना स्क्रूखाली रबरी वायसर घालावा आणि बेतानंच आवळावं, कारण तड बहुधा भोकापासूनच सुरू होते. तड लहान असेल तर तिच्या टोकाला तीन मिलिमीटरचं भोक पाडून घ्यावं, पुढं सरकायची थांबते. नजरेसमोरच तड आली असेल तर मात्र काच बदलावी.