बिल्ड रुसलं तर

अगं, आधी शांतपणे पाणी पी आणि मग हे वाच. सावरगावात बसून तू संत्र्याच्या बागेचा हिशोब ठेवणारं ॲप बनवलंस. आंबिया बहार, मृग बहार, फवारणी, तोडणीची मजुरी, सगळं त्यात आलं आणि बाबांच्या मोबाईलवर ते छान चालतही होतं. मग अँड्रॉइड स्टुडिओने नवी आवृत्ती आल्याचं सांगितलं, तू हो म्हटलंस, त्याच झटक्यात फ्लटरही अपग्रेड केलंस, आणि आता स्क्रीनभर लाल अक्षरं. ‘ताई, काहून असं झालं, मला हे जमतच नाही’ म्हणतेस. खरं सांगू का, ज्या मुलीने फ्लटर एकटीने शिकून चालतं ॲप उभं केलं, तिच्या तोंडी हे वाक्य शोभत नाही.

तुझ्या कोडची एक ओळही बहुधा बिघडलेली नाही. बघ, तू डार्टमध्ये जे लिहितेस त्याच्या खाली आणखी चौघं राबत असतात. ग्रेडल सगळे तुकडे गोळा करून ॲप बांधतो. अँड्रॉइडचं ग्रेडल प्लगिन त्याला अँड्रॉइडची रीत सांगतं. कॉटलिनमध्ये तू वापरतेस त्या बऱ्याच प्लगिनांचा आतला भाग लिहिलेला असतो. आणि जावा, ज्याच्या जिवावर हे सगळं चालतं. प्रत्येकाची आवृत्ती वेगळी आणि कुणाचं कुणाशी पटतं हेही ठरलेलं. तू एकाला नवं केलंस, बाकीचे जुनेच राहिले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत काय होतं ते तुला मी काय सांगावं? एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर तुमचं सावरगाव, आणि मधल्या पळसाच्या झेंड्यापायी डोकी फुटतात. तुझ्या लॅपटॉपमध्ये सध्या तीच गोटमार चालू आहे. नवा जावा या काठाला, जुना ग्रेडल त्या काठाला, आणि गोटे लागताहेत तुला. तेव्हा मधे शिरू नकोस. आधी कोण कुणाला मारतंय ते बाजूला उभी राहून बघ.

ते कसं बघायचं? लाल अक्षरांच्या शेवटी ‘बिल्ड फेल्ड’ दिसतं आणि आपण तिथेच थबकतो. ते सोड. थोडं वर सरक आणि ‘व्हॉट वेन्ट राँग’ अशी ओळ शोध. त्याच्या खालच्या दोन-तीन ओळींत खरी तक्रार असते. त्यापुढचं ‘स्टॅकट्रेस लावून बघा’ वगैरे आत्ता वाचूच नकोस. चुका अनेक दिसल्या तरी पहिलीच पकड, खालच्या पुष्कळशा तिच्यामुळेच आलेल्या असतात. मग टर्मिनलमध्ये फ्लटर डॉक्टर चालव, पुढे डॅश व्ही लावून. म्हणजे तो फ्लटर, अँड्रॉइडची साधनं आणि जावा यांच्या आवृत्त्या सविस्तर सांगतो. ते सगळं वहीत उतरवून घे. हो, वहीतच. स्क्रीनवर चार खिडक्या उघड्या असताना आकडे डोक्यात राहत नाहीत गं.

तुझ्याकडे ‘अनसपोर्टेड क्लास फाईल मेजर व्हर्जन ६५’ असं आलंय ना? हा ६५ आकडा भुतासारखा वाटतो, पण त्यातून ४४ वजा कर. राहिले २१. म्हणजे जावा २१. ६१ असता तर जावा १७, ५५ असता तर ११. अँड्रॉइड स्टुडिओची लेडीबग नावाची आवृत्ती २०२४ मध्ये आली, ती स्वतःबरोबर जावा २१ घेऊन आली, आणि फ्लटर वेगळं काही सांगितलं नसेल तर स्टुडिओच्या पोटातलाच जावा वापरतो. तुझ्या प्रोजेक्टातल्या जुन्या ग्रेडलला मात्र २१ ची ओळखच नाही. जावा २१ वर चालायला ग्रेडल किमान ८.५ हवा. जावा १७ ची ओळख मात्र त्याला ७.३ पासूनच आहे. ‘पण ताई, टर्मिनल तर जावा १७ दाखवतं!’ असं म्हणशील. दाखवू दे. तो वेगळा जावा, फ्लटर वापरतो तो वेगळा. म्हणून तर डॉक्टरला विचारायचं.

आता इथे माझं मत ऐक. तू स्टुडिओ आणि फ्लटर दोन्ही एकदम बदललेस. त्यामुळे कोणती चूक कुणाची, ते उलगडता येत नाही. म्हणून आधी मागे जा. फ्लटर डाउनग्रेड अशी आज्ञाच आहे, ती आधीच्या आवृत्तीवर नेऊन सोडते. मग जावा १७ आधीच नसेल तर बसव आणि फ्लटर कॉन्फिगमध्ये जेडीके-डिर म्हणून त्याचा पत्ता दे. तुझं जुनं ॲप पुन्हा उठेल. बाबांना ते दाखव, रात्री नीट झोप, आणि मग एकेक पायरी वर चढ. पुष्कळ जण सांगतील की मागे जाणं म्हणजे हार. त्यांना म्हण, तुम्ही या आणि माझ्या हॉटस्पॉटवर बिल्ड करून दाखवा.

हॉटस्पॉटवरून आठवलं, आणि हे मी जरा जोर देऊन सांगते. नेटवर उपाय शोधायला गेलीस की दर दुसरा माणूस म्हणेल, घरच्या फोल्डरमधला डॉट ग्रेडल पुसून टाका. पुण्याच्या वायफायवर बसून असं म्हणायला काय जातं! त्या फोल्डरमध्ये ग्रेडल स्वतः आणि आजवर उतरवलेली सगळी लायब्ररी साठवलेली असते. तो पुसलास की शेकडो एमबी पुन्हा उतरवत बसायचं. हा पराक्रम मी सुट्टीत गावी येऊन केलेला आहे, तेव्हा घरातल्या तिन्ही मोबाईलांचा डेटा संपवून शेवटी काकांचा फोन मागायला गेले होते. तू फ्लटर क्लीन कर, त्याने फक्त प्रोजेक्टातला बिल्डचा पसारा जातो. मग पब गेट. एवढ्यानेही निम्मी कुरकुर थांबते.

आणि एक चूक खास आपल्याकडची. ग्रेडल उतरत असताना वीज जाते किंवा रेंज तुटते, झिप अर्धवट राहते, आणि पुढच्या वेळी ‘झिप एन्ड हेडर नॉट फाउंड’ असा विचित्र संदेश येतो. तुला वाटतं आपण काहीतरी नवीन बिघडवलं. तसं काही नसतं. डॉट ग्रेडलमध्ये रॅपर, त्यात डिस्ट्स, त्यात ज्या आवृत्तीचं नाव आहे तेवढाच एक फोल्डर पुसायचा आणि पुन्हा बिल्ड लावायचं. शक्यतो पहाटे लाव, तेव्हा रेंज बरी असते. ग्रेडलची कोणती आवृत्ती उतरवायची ते प्रोजेक्टातल्या अँड्रॉइड फोल्डरमध्ये, ग्रेडल, मग रॅपर, तिथल्या ग्रेडल-रॅपर डॉट प्रॉपर्टीज या फाईलीत डिस्ट्रिब्युशन यूआरएलच्या ओळीत असतं. त्या ओळीच्या शेवटी ‘ऑल’ असेल तर ‘बिन’ कर. ऑलमध्ये कागदपत्रं आणि मूळ कोडही येतो, बिल्डला त्याची गरज नाही. डेटा वाचतो.

लॅपटॉप आठ जीबीचा असेल तर आणखी एक बघ. ग्रेडल डॉट प्रॉपर्टीजमध्ये एक्सएमएक्स असं लिहिलेलं असतं, म्हणजे ग्रेडलला किती मेमरी घेऊ द्यायची ते. अलीकडच्या फ्लटरच्या कोऱ्या प्रोजेक्टात तिथे आठ जीबीचाच आकडा येतो. बिचारा लॅपटॉप गोठणार नाही तर काय! दोन कर. पहिलं बिल्ड तरीही वेळ खाईल. तेवढ्यात भाजी निवडून घे, स्क्रीनकडे टक लावून बसलीस म्हणून ते लवकर होत नाही.

आता वर चढताना काय अडेल ते सांगते. एका वेळी एकच गोष्ट बदल, बिल्ड कर, चाललं की गिटमध्ये कमिट कर. गिट अजून येत नसेल तर निदान प्रोजेक्टचा फोल्डर दुसऱ्या नावाने पेनड्राइव्हवर ठेव, पण रिकाम्या हातांनी अपग्रेड करू नकोस. पबस्पेक डॉट लॉक ही फाईलही जपून ठेव, तुझ्या प्लगिनांच्या नेमक्या आवृत्त्या तिच्यातच असतात.

‘नेमस्पेस नॉट स्पेसिफाइड’ आलं तर समज की अँड्रॉइडचं ग्रेडल प्लगिन ८ वर गेलं. हे २०२३ मध्ये आलं आणि त्याने दोन हट्ट धरले. जावा १७ हवाच, आणि पॅकेजचं नाव मॅनिफेस्टमध्ये न ठेवता बिल्ड डॉट ग्रेडलमध्ये नेमस्पेस म्हणून लिहायचं. तुझ्या ॲपमध्ये ते एका ओळीचं काम आहे. पण बहुतेक वेळा ही तक्रार तुझ्याबद्दल नसते, कुणा जुन्या प्लगिनबद्दल असते. संदेशात त्याचं नाव दिलेलं असतं, नीट वाच. मग पब आउटडेटेड चालवून नवी आवृत्ती आहे का बघ. नसेल आणि त्याच्या मालकाने वर्षानुवर्षं हात लावला नसेल, तर पर्यायी प्लगिन शोध. कॅशमध्ये घुसून त्याची फाईल दुरुस्त करायचा मोह होईल. करू नकोस गं, दुसऱ्या लॅपटॉपवर गेलीस की पहिले पाढे पंचावन्न.

कॉटलिनचा मेटाडेटा जुळत नाही म्हणाला तर कॉटलिनची आवृत्ती वाढव. जुन्या प्रोजेक्टात ती बिल्ड डॉट ग्रेडलमध्ये वर असते, नव्यांत सेटिंग्ज डॉट ग्रेडलमध्ये. एवढंच.

आणि तू ज्या व्हिडिओवरून शिकलीस तो कोणत्या सालचा आहे? डार्टमध्ये नल सेफ्टी मार्च २०२१ मध्ये आली आणि मे २०२३ च्या डार्ट ३ पासून ती सक्तीची झाली. त्याआधीच्या धड्यांतलं रेझ्ड बटण आणि फ्लॅट बटण तर फ्लटरने काढूनच टाकलं. उपाय वाचतानाही आधी तारीख बघत जा. २०१९ चं उत्तर तेव्हा बरोबरच होतं, तुझ्या लॅपटॉपला मात्र ते लागू नाही.

प्रोजेक्ट फारच जुना असेल तर नवा फ्लटर म्हणेल की प्लगिन जोडायची तुमची पद्धत आता चालत नाही. तेव्हा एकेक ओळ ठिगळ लावत बसू नकोस. शेजारी त्याच नव्या फ्लटरने एक कोरा प्रोजेक्ट बनव आणि त्याचा अँड्रॉइड फोल्डर तुझ्या फोल्डरशेजारी उघडून ठेव. नव्या फाईलींच्या नावापुढे केटीएस असं शेपूट दिसेल, घाबरू नकोस, लिहिण्याची धाटणी थोडी बदलते इतकंच. कोऱ्या प्रोजेक्टचा सांगाडा घे आणि त्यात तुझ्या परवानग्या, आयकॉन, सहीची माहिती आणून ठेव. एक गोष्ट मात्र तशीच राहिली पाहिजे, ॲप्लिकेशन आयडी. तो बदललास तर प्ले स्टोअरच्या लेखी ते दुसरंच ॲप होईल आणि तुझं जुनं ॲप वापरणाऱ्यांना अपडेट कधी पोचणारच नाही.

‘मग ताई, जुन्यावरच का राहू नये?’ बाबांच्या एका मोबाईलपुरतं असेल तर खुशाल राहा. पण सौंसरच्या मामांना, बागवाल्या शेजाऱ्यांना प्ले स्टोअरवरून द्यायचं म्हणतेस ना? तिथे नवं ॲप किंवा अपडेट टाकायला ३१ ऑगस्ट २०२५ पासून अँड्रॉइड १५, म्हणजे एपीआय ३५ लक्ष्य धरण्याची अट लागली. २०२४ मध्ये त्याच तारखेला ३४ ची अट लागली होती. ही तारीख पोळ्याच्या आसपासच येते, तेव्हा तुमच्या गावात कुणाचं लक्ष लॅपटॉपमध्ये असतं? म्हणून पावसाळा लागताच, बागेची कामं सुरू व्हायच्या आधी, हे चढण्याचं काम उरकून ठेवत जा. आणि स्टुडिओ पुन्हा ‘नवीन आवृत्ती’ म्हणाला की लगेच हो म्हणू नकोस. कॉलेजात प्रोजेक्ट दाखवायचा आठवडा असेल तर अजिबात नाही.

एवढं करूनही अडलं तर मला पाठव. स्क्रीनचा तिरपा फोटो नको, त्यावर ट्यूबलाइट चमकते आणि मला आकडे दिसत नाहीत. व्हॉट वेन्ट राँगपासूनचा मजकूर कॉपी कर, डॉक्टरने सांगितलेलं सगळं जोड, आणि सोबत पबस्पेक, रॅपरची प्रॉपर्टीज फाईल आणि दोन्ही बिल्ड डॉट ग्रेडल. सहीची की-स्टोअर फाईल आणि तिचा पासवर्ड मात्र मलासुद्धा पाठवायचा नाही, समजलं?