आभासी चलन : कर घेते सरकार, मग राखण कोणाची?



२ ऑगस्ट १९५४ रोजी आपला दादरा नगर हवेली प्रदेश पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला. त्याआधी इथले अधिकृत चलन होते पोर्तुगीजांचा ‘रुपिया’. राजवट गेली तसे तिचे चलनही गेले. चलनामागे सरकार उभे असते, हा धडा आपल्या आजोबांच्या पिढीला पुस्तकातून शिकावा लागला नाही.

आज मात्र बिटकॉइनसारख्या चलनांची चर्चा घरोघरी ऐकू येते. यांच्यामागे कोणतेच सरकार नाही. मग ज्यांच्याकडे ती आहेत ते मालक, ती चालवणारे प्रोग्रॅम लिहिणारे आणि ‘मायनिंग’ करणारे यांना आपले सरकार कितपत संरक्षण देते? या लेखात तेवढेच पाहू या.

आधी कल्पना समजून घेऊ

आपल्या आयांची भिशी आठवा. हिशेबाची वही एकीकडेच असते. समजा, त्या वहीची प्रत प्रत्येक सभासदाकडे असेल आणि नवी नोंद सर्व प्रतींत एकदमच होत असेल, तर कोणा एकीला आकडा बदलता येणार नाही. बिटकॉइन ही अशीच संगणकांवरची वही आहे. ती जानेवारी २००९ मध्ये सुरू झाली. नोंदी तपासून वहीत चढवण्यासाठी जे आपले संगणक आणि वीज खर्च करतात ते मायनर. त्या कामाबद्दल त्यांना नवी नाणी मिळतात. एकूण नाणी २ कोटी १० लाखांवर जाणार नाहीत, असा नियम प्रोग्रॅममध्येच आहे. मालकाजवळ असते ती फक्त एक गुप्त किल्ली, म्हणजे अक्षरे व अंकांची लांबलचक ओळ. ती हरवली की नाणीही गेली.

मालकाला काय मिळाले?

रिझर्व्ह बँकेने आभासी चलनाबाबत पहिला इशारा डिसेंबर २०१३ मध्ये दिला. पुढे ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने तिने बँकांना या व्यवहारातील लोकांना सेवा देण्यास मनाई केली. हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ४ मार्च २०२० रोजी न्या. नरिमन, न्या. अनिरुद्ध बोस व न्या. रामसुब्रमणियन यांच्या पीठाने ते परिपत्रक रद्द केले. रिझर्व्ह बँकेला अधिकार आहे, हे न्यायालयाने मान्य केले. परंतु या व्यवहारांमुळे बँकांचे प्रत्यक्ष नुकसान झाल्याचे दाखवता आले नाही, म्हणून उपाय प्रमाणाबाहेर ठरला. व्यवसाय करण्याच्या मूलभूत हक्काचे हे संरक्षण होते.

त्यानंतर १ एप्रिल २०२२ पासून अशा मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आला. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. हे गणित करून पाहा. एका नाण्यात १०,००० रुपये नफा आणि दुसऱ्यात ८,००० रुपये तोटा झाला. हाती उरले २,०००. कर मात्र १०,००० वर, म्हणजे ३,००० रुपये, उपकर वेगळा. पदरचे हजार रुपये गेले!

मार्च २०२३ मध्ये या व्यवहारातील कंपन्या काळा पैसा प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आल्या. ग्राहकाची ओळख तपासणे, नोंदी ठेवणे त्यांना बंधनकारक झाले. हे नियम गुन्हेगार शोधायला उपयोगी आहेत. पण बुडालेले पैसे भरून देण्याची तरतूद त्यांत नाही.

याचा अनुभव जुलै २०२४ मध्ये आला. ‘वझीरएक्स’ या मुंबईच्या बाजारमंचावरून सुमारे २३ कोटी डॉलर किमतीची नाणी चोरीला गेली आणि ग्राहकांचे व्यवहार थांबले. मूळ कंपनी सिंगापूरची असल्याने परतफेडीची योजना तिथल्या न्यायालयात ठरली. मंच पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला.

त्याच महिन्यात मद्रास उच्च न्यायालयाने एका ग्राहकाच्या अर्जावर महत्त्वाचा निर्णय दिला. आभासी नाणे ही मालमत्ता आहे, तिची मालकी असू शकते आणि ती दुसऱ्याच्या वतीने विश्वस्त म्हणून सांभाळता येते, असे न्यायालयाने म्हटले. आपला प्रदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात येतो. मद्रासचा निर्णय इथे बंधनकारक नाही, पण वकिलाला त्याचा आधार घेता येईल.

मायनरचे काय?

मायनिंगच्या यंत्रांचा खर्च करात वजा करता येणार नाही, असे केंद्र सरकारने मार्च २०२२ मध्ये लोकसभेत स्पष्ट केले. जगात याबाबत एकवाक्यता नाही. चीनने २०२१ मध्ये मायनिंगवर बंदी घातली. अमेरिकेतील मोंटाना आणि आर्कान्सा या राज्यांनी २०२३ मध्ये मायनरना संरक्षण देणारे कायदे केले. यंत्रांच्या आवाजाच्या तक्रारी वाढल्यावर आर्कान्साने पुढच्याच वर्षी त्यात दुरुस्ती केली.

मायनिंगच्या नावावर फसवणूकही झाली. ‘गेनबिटकॉइन’ योजनेत दरमहा १० टक्के, तेही १८ महिने, परतावा देऊ असे सांगितले जात होते. म्हणजे १८० टक्के! एप्रिल २०१८ मध्ये मुख्य आरोपी अमित भारद्वाज याला पुणे पोलिसांनी अटक केली. खटला संपण्यापूर्वीच, जानेवारी २०२२ मध्ये, त्याचा मृत्यू झाला. पुढे तपास सीबीआयकडे गेला. गुंतवणूकदार अनेक वर्षे वाट पाहत राहिले.

प्रोग्रॅम लिहिणारे

संगणक शिकणाऱ्या मुलांनी हा भाग नीट वाचावा. ‘टोर्नेडो कॅश’ हा व्यवहारांचा माग लपवणारा प्रोग्रॅम. अमेरिकन सरकारने २०२२ मध्ये त्यावर निर्बंध घातले. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ते अधिकाराबाहेरचे ठरवले आणि मार्च २०२५ मध्ये ते उठले. नेदरलँड्समध्ये मात्र त्याच्या एका प्रोग्रॅमरला मे २०२४ मध्ये पाच वर्षे चार महिन्यांची शिक्षा झाली. साधन बनवणारा त्याच्या गैरवापरास किती जबाबदार, याचे उत्तर जगाला अजून मिळालेले नाही.

आपण काय लक्षात ठेवावे?

बँक बुडाली तर ठेवीदाराला ५ लाख रुपयांपर्यंत विमा आहे. आभासी नाण्याला असा विमा नाही. म्हणजे मालमत्ता म्हणून कर आहे, न्यायालयाचे दारही उघडे आहे, पण सांभाळणारी यंत्रणा अपुरी आहे. कर भरला म्हणजे सरकारने हमी घेतली, असा अर्थ काढू नये. कारखान्यात घाम गाळून साठवलेले पैसे ‘दुप्पट’च्या आशेने कोणी मागितले, तर आधी घरात चर्चा करावी. आपले बँक खाते दुसऱ्याला वापरायला देऊ नये. १८ वर्षांखालील मुलांनी केलेला करार कायद्याने ग्राह्य नसतो, हेही विसरू नये. फसवणूक झाल्यास वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर कळवावे.

स्वाध्याय

१. एका नाण्यात ६,००० रुपये नफा, दुसऱ्यात ७,००० रुपये तोटा झाला. उपकर सोडून कर किती?
२. बँकेतील ठेव आणि आभासी नाणे यांच्या संरक्षणातील दोन फरक लिहा.
३. चाकू बनवणारा लोहार आणि प्रोग्रॅम लिहिणारा यांची जबाबदारी सारखीच का? घरी पालकांशी बोलून दहा ओळी लिहा.