कार्डाची पाठ आधी बघा

चारशे पानी अनुवादाचं शेवटचं वाचन आठ दिवसांत संपवायचं होतं आणि नव्या मॉनिटरवर माऊसचा बाण धड चालत नव्हता. हात हलवला की तो अडखळत, उड्या मारत जाई. पान वर सरकवलं की ओळी फरफटत येत. अर्ध्या तासात डोळे दुखायला लागले. २०२३ चा पावसाळा होता, आणि हा २७ इंची फोर-के मॉनिटर मी दोन वर्षं पैसे बाजूला टाकून घेतला होता.

घेण्याचं कारण देवनागरी. मुद्रितशोधन करणाऱ्या कुणालाही विचारा, साध्या फुल एचडी पडद्यावर बारीक टाइपात 'घर' आणि 'धर' यांतली गाठ दिसत नाही, 'मांडी'वरचा अनुस्वार उडून 'माडी' झाली तरी नजर पुढे निघून जाते. रफाराखाली वेलांटी आली की सगळा गिचका होतो. फोर-के पडद्यावर तीच अक्षरं छापल्यासारखी स्वच्छ उमटतात. डावीकडे जुना २४ इंची मॉनिटर, त्यावर मूळ इंग्रजी. उजवीकडे नवा, त्यावर मराठी. अशी माझी मांडणी ठरली होती. मशीनवर नुकतंच डेबियन १२ हे लिनक्स टाकलं होतं.

पडद्याच्या सेटिंगमध्ये रिफ्रेश रेटपुढे ३० हा आकडा दिसत होता. मला तिथेच थांबून विचार करायला हवा होता. त्याऐवजी 'मदरबोर्डवरचं ग्राफिक्स कमी पडतंय, कार्ड घालायला हवं' असं मी ठरवून टाकलं आणि भर पावसात बुधवार पेठेत तपकीर गल्ली गाठली.

"मॅडम, चार जीबीचं कार्ड आहे. दोन काय, तीन मॉनिटर चालतील," दुकानदार म्हणाला. खोक्यावर चार जीबी मोठ्या अक्षरात होतं. मी त्या आकड्यावर विसंबले. घरी येऊन कार्ड बसवलं, दोन्ही पडदे उजळले, आणि नव्या मॉनिटरपुढे पुन्हा तोच ३० चा आकडा.

दोष कार्डाच्या ताकदीत नव्हताच, तो पोर्टात होता. फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, सुमारे ८३ लाख ठिपके. ते सेकंदाला ६० वेळा पाठवायचे तर तेवढी रुंद वाट लागते. एचडीएमआय १.४ मधून फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच जातं. ६० वेळा हवं असेल तर एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ लागतो. एचडीएमआय २.० हे २०१३ साली आलं, पण त्यानंतरही कितीतरी वर्षं मदरबोर्डवर आणि स्वस्त कार्डांवर १.४ च बसवलं जात राहिलं. बाहेरून दोन्ही पोर्ट हुबेहूब सारखे दिसतात. माझ्या मदरबोर्डवर १.४ होतं, आणि पैसे मोजून आणलेल्या कार्डावरही १.४.

आणि ते चार जीबी? एकदा कागदावर गणित मांडून बघा. ८३ लाख ठिपके, प्रत्येकाला ४ बाइट, म्हणजे फोर-के पडद्याचं एक अख्खं चित्र सुमारे ३३ एमबीत मावतं. फुल एचडीचं ८ एमबीच्या आसपास. एकाच वेळी तशी तीन-चार चित्रं तयार ठेवली, वर उघड्या खिडक्यांचं ओझं धरलं, तरी लेखन-वाचनाच्या टेबलाला २ जीबी पुरतात. चार किंवा आठ जीबीचा विचार गेम खेळणाऱ्याने, व्हिडिओ संपादन करणाऱ्याने किंवा त्रिमितीय चित्रं करणाऱ्याने करावा. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाने त्या आकड्याचे पैसे मोजू नयेत.

दुसऱ्या दिवशी मी आणखी एक चूक केली. मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट आहे, कार्डाला एचडीएमआय आहे, मग एचडीएमआय ते डिस्प्लेपोर्ट केबल आणली की झालं, असं वाटलं. ती साधी केबल एकाच दिशेने चालते: कार्डाकडे डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरकडे एचडीएमआय. उलट दिशेला आत चिप असलेला, सहसा वेगळी वीज घेणारा कन्व्हर्टर लागतो. आणि तो लावला असता तरी कार्डाची १.४ ची मर्यादा काही हटली नसती. पडदा काळा राहिला, केबल कपाटात गेली.

तिसऱ्या दिवशी चिडून मी दुसऱ्या टोकाला गेले. नुकतंच बाजारात आलेलं, नव्या मालिकेतलं कार्ड घेतलं. पोर्ट या वेळी नीट तपासले होते. मशीन सुरू केलं तर एकच मॉनिटर उजळला, तोही ढोबळ, मोठाल्या अक्षरांत. दुसरा जोडलेला आहे हेच लिनक्सला कळत नव्हतं.

विंडोजमध्ये कार्ड बसवायचं आणि कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर उतरवायचा, ही सवय आपल्या हाताला असते. लिनक्समध्ये बहुतेक कार्डांचा ड्रायव्हर कर्नेलच्या पोटातच असतो. त्याच्या जोडीला दोन गोष्टी लागतात: कार्ड जागं होताना त्याच्यात भरायचं फर्मवेअर, आणि चित्र रेखाटण्याचं काम करणारं मेसा. या तिन्ही गोष्टी तुमच्या कार्डाला ओळखण्याइतक्या नव्या हव्यात. डेबियन १२ मधला कर्नेल ६.१, म्हणजे डिसेंबर २०२२ चा. स्थिर वितरण तोच कर्नेल वर्षानुवर्षं सांभाळतं, आणि मला डेबियन आवडतं ते याच कारणासाठी. पण कर्नेलनंतर जन्मलेलं कार्ड त्याला कसं ओळखू येणार? बॅकपोर्ट्स या डेबियनच्या जादा भांडारातून नवा कर्नेल आणता येतो, त्याच्या मागोमाग फर्मवेअर आणि मेसाही. मी रात्री दोनपर्यंत त्याच खटपटीत होते. मग टेबलावरच्या हस्तलिखिताकडे पाहिलं आणि थांबले. चार दिवस गेले होते, पानं झाली होती साठ.

तेव्हापासून माझा नियम असा: कार्ड आपल्या कर्नेलपेक्षा निदान काही महिने जुनं असावं. टर्मिनलमध्ये 'युनेम -आर' दिलं की कर्नेलचा आकडा कळतो. कार्ड कधी बाजारात आलं ते शोधायला दोन मिनिटं लागतात. ही दोन मिनिटं खर्च करा. उदाहरणच द्यायचं तर इंटेलची आर्क ए-३८० सारखी कार्डं कर्नेल ६.२ पासून आपसूक ओळखली जातात. त्याआधीच्या कर्नेलवर ती घेणं म्हणजे स्वतःहून काम ओढवून घेणं; त्यानंतरच्या कर्नेलवर ती चांगली निवड आहे. फक्त मदरबोर्डात रिसायझेबल बार ही सोय आहे ना ते पाहा, ती नसेल तर ही कार्डं मंदावतात.

शेवटी मी घेतलं ते एएमडीचं आरएक्स ६४००. २०२२ चं, छोटं, ५३ वॉटचं. एक डिस्प्लेपोर्ट १.४, एक एचडीएमआय २.१. पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून ७५ वॉटपर्यंत वीज मिळते, त्यामुळे वेगळी वीजवायर नको आणि नवा पॉवर सप्लायही नको. डेबियनच्या फर्मवेअर विभागातलं एएमडीचं पॅकेज टाकलं, मशीन पुन्हा सुरू केलं, आणि बाण रेशमावरून सरकावा तसा सरकला. या कार्डाच्या उणिवाही सांगते: व्हिडिओ एन्कोड करणारा भाग त्यात नाही आणि एव्ही-१ व्हिडिओही ते उलगडत नाही. शिकवण्या रेकॉर्ड करणाऱ्या माझ्या मैत्रिणीला म्हणूनच मी ते सुचवलं नाही.

एनव्हिडियाबद्दल मला हमखास विचारलं जातं. ज्याला कुडा लागतं, म्हणजे ब्लेंडर किंवा यंत्रशिक्षणाचं काम ज्याच्याकडे आहे, त्याने तेच घ्यावं. बाकीच्यांनी आधी मालिका तपासावी. एनव्हिडियाचे बंद ड्रायव्हर शाखांमध्ये विभागलेले आहेत आणि जुन्या मालिकांच्या शाखा एकेक करून मिटत जातात: फर्मीसाठीची ३९० ची शाखा २०२२ मध्ये संपली, केप्लरची ४७० ची २०२४ मध्ये. पण त्याच केप्लरमधलं जीटी ७१० आजही दुकानात नव्या खोक्यात दिसतं. जीटी ७३० या एकाच नावाखाली तर फर्मी आणि केप्लर अशा दोन्ही चिपा विकल्या गेल्या आहेत. नूवो हा मुक्त ड्रायव्हर त्यांना साधं काम करू देतो, पण पैसे मोजताना हे ठाऊक असायला हवं. बंद ड्रायव्हर वापरणार असाल तर कर्नेलच्या प्रत्येक अपडेटला तो नव्याने बांधला जातो. त्यासाठी कर्नेलचे हेडर हजर लागतात, आणि सिक्युअर बूट चालू असेल तर त्यावर सहीही लागते. यातलं एक राहिलं की सकाळी काळा पडदा. म्हणून मोठं काम अंगावर असताना मी अपडेट करत नाही आणि जुना कर्नेल बूटच्या यादीतून काढत नाही.

दोन मॉनिटर वेगवेगळ्या घनतेचे असतील तर आणखी एक गोष्ट. माझ्या २४ इंचीवर इंचाला ९२ ठिपके, २७ इंचीवर १६३. एकावर अक्षर वाचनीय केलं की दुसऱ्यावर ते अवाढव्य होतं. लिनक्समध्ये पडदा सांभाळणारं जुनं एक्स-११ दोन्ही पडद्यांना एकच मोठा फळा समजतं, प्रत्येकाला वेगळं प्रमाण देणं त्याला नीट जमत नाही. त्याच्या जागी आलेल्या वेलँडला जमतं. म्हणून कार्ड निवडताना ते वेलँडवर सुरळीत चालतं का हे विचारा. इंटेल आणि एएमडीच्या कार्डांवर हे बरंच आधी रुळलं, एनव्हिडियाकडे २०२४ मधल्या ५५५ ड्रायव्हरपासून मोठी सुधारणा झाली. फोर-के १२० हर्ट्झचा मॉनिटर आणि एएमडीचं कार्ड असेल तर डिस्प्लेपोर्टच वापरा. एचडीएमआय २.१ साठी एएमडीने तयार केलेला मुक्त ड्रायव्हर एचडीएमआय फोरमने २०२४ च्या सुरुवातीला नाकारला होता.

आणि दोन्ही केबली कार्डालाच लावा. कार्ड बसवल्यावर बरेच मदरबोर्ड स्वतःचे पोर्ट बंद करतात, मग एक पडदा काळा राहतो आणि माणूस कार्डाला दोष देत बसतो.

पुस्तक चार दिवस उशिरा गेलं. प्रकाशकांनी समजून घेतलं, पण छापखान्यात ठरलेली तारीख गेली याची रुखरुख अजून आहे.

आता कुणी विचारलं की मी कार्डाचं नाव सांगत नाही, मशीनच्या पाठीचा फोटो मागते. मागच्या महिन्यात भाचीचा फोन आला. "मावशी, घरून काम आहे, दोन मॉनिटर लावायचेत, कुठलं कार्ड घेऊ?" तिने फोटो पाठवला. मदरबोर्डावर एक एचडीएमआय, शेजारी एक डिस्प्लेपोर्ट, दोन्हींवर प्लास्टिकची टोपणं तशीच. प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' आहे का, एवढं विचारलं, कारण इंटेलच्या त्या प्रोसेसरांत ग्राफिक्स नसतं. तिच्याकडे तो नव्हता. तिचे दोन्ही मॉनिटर फुल एचडी. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून आधी बघ म्हटलं. संध्याकाळी तिने टेबलाचा फोटो पाठवला, दोन्ही पडदे लख्ख. कार्ड घ्यावं लागलं नाही, एक डिस्प्लेपोर्ट केबल तेवढी आणली.