कुरमुऱ्यांचा लाडू मऊ का पडतो?

मुलांनो, ऐन पावसाळ्यात घरी कुरमुऱ्यांचे लाडू केले, की एक गोष्ट हमखास घडते. पहिल्या दिवशी लाडू दाताखाली कुरकुर वाजतो. दुसऱ्या दिवशी आवाज बसतो. तिसऱ्या दिवशी तो दातांना चिकटतो आणि ताटलीलाही. मग घरात वाद सुरू होतो. कोणी म्हणते गूळ वाईट होता, कोणी म्हणते कुरमुरे शिळे होते. आजी मात्र एवढेच म्हणते, "पाक वाजला नव्हता."

पाक वाजतो म्हणजे काय? आजीच्या या तीन शब्दांत रसायनशास्त्राचा आणि पदार्थविज्ञानाचा एक चांगला धडा दडलेला आहे. तो आज आपण लाडू करता करता शिकू या.

प्रयोगासाठी जागा निवडू या सिंधुदुर्ग जिल्ह्यातली. मालवण तालुक्यात तोंडवली नावाचे गाव आहे. वाळूचा लांबट पट्टा, त्यावर सुरूची झाडे, एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला गड नदीची खाडी. दोन्हीकडे पाणी असल्यामुळे इथली हवा बाराही महिने दमट. पावसाळ्यात तर हवेची सापेक्ष आर्द्रता कित्येक दिवस ८५ टक्क्यांच्या वर राहते. मिठाच्या बरणीत मीठ ओलसर होते, आगपेटीच्या काड्या पेटत नाहीत. अशा हवेत जो लाडू खडखडीत राहील, तो कुठेही राहील!

भट्टी आधीच लागलेली असते

कुरमुऱ्यांचा लाडू आपण भाजत नाही, तळत नाही, वाफवतही नाही. फक्त पाक करतो आणि त्यात कुरमुरे मिसळतो. हे कसे चालते? कारण धान्य शिजवण्याचे काम भडभुंज्याने आधीच केलेले असते.

कुरमुरे उकड्या तांदळाचे होतात. कोकणातल्या मुलांना उकडा तांदूळ सांगायला नको; त्याची पेज रोजच्या ओळखीची. भात उकडला, की दाण्यातील पिष्ट फुगून एकजीव होते. मग तो वाळवून, कांडून, त्याला मिठाचे पाणी लावतात आणि तापलेल्या वाळूत टाकतात. वाळू दाण्याला चोहोबाजूंनी एकदम उष्णता देते. दाण्यात अडकलेल्या थोड्याशा पाण्याची क्षणात वाफ होते. पाण्याची वाफ झाली, की साध्या दाबाखाली तिचे आकारमान सुमारे १,७०० पट होते. ही वाफ बाहेर पडण्यासाठी धडपडते, मऊ झालेले पिष्ट फुग्यासारखे ताणले जाते आणि लगेच वाळून तसेच कडक होते. झाला कुरमुरा! तो आडवा कापून भिंगातून पाहा. आत शेकडो पोकळ्या आणि त्यांच्या पातळ भिंती दिसतील. आपण कुरमुरा चावतो तेव्हा या कोरड्या भिंती कडाकड मोडतात. त्याचाच आवाज आपल्याला ऐकू येतो.

या भिंतींनी थोडे जरी पाणी शोषले, तरी त्या मोडण्याऐवजी वाकू लागतात. आवाज बंद! म्हणजे लाडवाचे सारे रहस्य एका प्रश्नावर येऊन थांबते: कुरमुऱ्यापर्यंत पाणी पोहोचते कसे?

त्याच्या वाटा दोन. एक बाहेरून, हवेतून. दुसरी आतून, खुद्द पाकातून.

पाकातले पाणी मोजायचे कसे?

गूळ विरघळवायला आपण थोडे पाणी घालतो. पाक उकळतो तसे हे पाणी वाफ होऊन निघून जाते. किती गेले आणि किती उरले, हे डोळ्यांना दिसत नाही. पण निसर्गाने एक सोय करून ठेवली आहे. शुद्ध पाणी समुद्रसपाटीला १०० अंश सेल्सिअसला उकळते. त्यात साखर विरघळली, की उत्कलनबिंदू वर चढतो. निम्मी साखर आणि निम्मे पाणी असेल तर द्रावण सुमारे १०२ अंशांना उकळते. साखर ८० टक्के झाली, की सुमारे ११२ अंशांना. पाणी जेमतेम एखादा टक्का उरले, की पाकाचे तापमान १५० अंशांच्या आसपास जाते. म्हणजे उकळत्या पाकाचे तापमान हे पाकात उरलेल्या पाण्याचे माप आहे.

तुमच्या घरी एवढे तापमान मोजणारा तापमापक नसेल. (ताप मोजायचा तापमापक चुकूनही पाकात घालू नका, तो फुटेल!) पण आजीजवळ दुसरे साधन आहे: गार पाण्याची वाटी. पाकाचा एक थेंब पाण्यात टाकायचा आणि त्याचे काय होते ते पाहायचे. साखरेच्या पाकासाठी हे टप्पे असे आहेत:

११२ ते ११६ अंश: थेंबाची मऊ गोळी होते, बोटांनी दाबताच चपटी होते.
१२१ ते १३० अंश: गोळी घट्ट होते, आकार धरून ठेवते.
१३२ ते १४३ अंश: गोळी ताणली तर थोडी लांबते आणि मग तुटते.
१४६ ते १५४ अंश: गोळी कडक होते, ताटलीवर टाकली की टण् वाजते.

गुळात साखरेखेरीज इतरही पदार्थ असतात, म्हणून गुळाच्या पाकात हे आकडे थोडे मागेपुढे होतात. पण क्रम तोच. आता "पाक वाजला नव्हता" याचा अर्थ ध्यानात आला ना? आजी सांगत होती, की पाकात पाणी उरले होते. तेच पाणी रात्रभरात कुरमुऱ्यांनी शोषून घेतले.

एक गंमत पाहा. तोंडवली समुद्रसपाटीला. त्याच जिल्ह्यात आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर. तिथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी सुमारे दोन अंश आधीच उकळते, आणि पाकाचा प्रत्येक टप्पाही तेवढाच आधी येतो. तोंडवलीचे आकडे आंबोलीत जसेच्या तसे वापरले, तर पाक जरा जास्त आटेल. वाटीतल्या थेंबाची परीक्षा मात्र दोन्हीकडे सारखीच लागू पडते. कारण ती तापमान पाहतच नाही, थेट पाक किती घट्ट झाला ते पाहते.

गुळाची काच

वाजणारी गोळी उजेडासमोर धरा. ती काचेसारखी पारदर्शक दिसते. हे केवळ दिसणे नव्हे. काचेत अणुरेणूंची मांडणी स्फटिकासारखी रांगेत नसते, ते जसे असतील तसे थिजून गेलेले असतात. आटलेला पाक एकदम निवला, की साखरेच्या रेणूंना रांगा लावायला सवड मिळत नाही आणि त्यांचीही अशीच काच होते. पांढऱ्या साखरेच्या पाकात मात्र ढवळता ढवळता स्फटिक होण्याचा धोका असतो. गुळात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन शर्करा मुळातच थोड्याफार असतात. त्या साखरेच्या रेणूंच्या मध्ये येतात आणि त्यांना रांग लावू देत नाहीत. म्हणून लाडवाला गूळ सोयीचा.

पण या सोयीची किंमतही आहे. फ्रुक्टोजला पाण्याची फार ओढ. दमट हवेतले बाष्प गूळ चटकन ओढून घेतो. काचेत थोडे पाणी शिरले, की ती साध्या तापमानालाच मऊ आणि चिकट होऊ लागते. ही झाली पाण्याची दुसरी वाट. म्हणजे पाक वाजवून तुम्ही आतली वाट बंद करता. बाहेरची बंद करायला झाकण घट्ट बसणारा डबाच हवा.

मालवणी मुलुखात जत्रांचा हंगाम पाऊस सरल्यावर सुरू होतो. जत्रेत खाज्यांची दुकाने लागतात. खाजे म्हणजे बेसनाच्या तळलेल्या कांड्यांवर आले घातलेल्या गुळाच्या पाकाचे कवच. ही गुळाची काचच, आणि तीही दुकानात उघडी मांडलेली. दुकानदाराचा पाक कच्चा राहिला तर सगळा माल एकमेकांना चिकटायचा आणि घातलेले भांडवल अंगावर यायचे. त्याच्या दृष्टीने पाकाची परीक्षा हा पोटाचा प्रश्न आहे.

दूरदेशीचा भाऊबंद

फुगवलेला तांदूळ गोड पाकाने बांधायची युक्ती दुसरीकडेही सापडली. अमेरिकेत मिशिगन राज्यातील बॅटल क्रीक येथे केलॉग कंपनीत काम करणाऱ्या मिल्ड्रेड डे आणि मलिटा जेन्सन यांनी १९३९ साली अशाच वड्या तयार केल्या. त्यांनी गुळाऐवजी मार्शमॅलो वापरले. मार्शमॅलो म्हणजे साखरेचा पाक आणि जिलेटिन फेटून केलेला, हवेच्या बुडबुड्यांनी भरलेला मऊ गोळा. त्याला नाव मिळाले ते भेंडी-जास्वंदीच्या कुळातील एका वनस्पतीवरून; तिच्या मुळाच्या चिकट रसापासून पूर्वी ही मिठाई करीत. आता ती जागा जिलेटिनने घेतली आहे. हे प्रथिन जनावरांची हाडे व कातडी यांपासून काढतात.

मार्शमॅलो लोण्यात वितळवायचे, त्यात फुगलेले तांदूळ मिसळायचे आणि थापून वड्या पाडायच्या. भट्टी नाही, पाकाची परीक्षाही नाही. मार्शमॅलोत आपल्या वाजणाऱ्या पाकापेक्षा पुष्कळ जास्त पाणी असते, म्हणून वडी मऊ राहते. जिलेटिन ते पाणी धरून ठेवते आणि लोण्याचा थर दाण्यांना थोडाफार आडोसा देतो. पण मोठ्या आचेवर मार्शमॅलो फार वेळ तापवले, तर वडी दगडासारखी होते. का बरे? पाणी उडून जाते म्हणून! इथे लाडू मऊ पडतो आणि तिथे वडी कडक होते. तक्रारी उलट्या, पण कारण एकच.

आता करून पाहा

साहित्य: कुरमुरे ५ वाट्या, चिरलेला गूळ १ वाटी, पाणी २ चमचे, तूप १ चमचा, सुंठपूड अर्धा चमचा, खायचा सोडा चिमूटभर.

सावधान! पाक उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी अधिक तापलेला असतो आणि तो कातडीला चिकटून बसतो. घरातले मोठे माणूस जवळ असल्याशिवाय हा प्रयोग करायचा नाही. चटका बसलाच तर भाजलेला भाग २० मिनिटे गार वाहत्या पाण्याखाली धरा. हळद, दंतमंजन किंवा बर्फ लावू नका. फोड आले किंवा भाजलेला भाग मोठा असला, तर डॉक्टरांकडे जा.

१. कुरमुरे कोरड्या कढईत मंद आचेवर चार-पाच मिनिटे परता. त्यांत आधीच शिरलेला दमटपणा जाईल. एक दाणा चावून पाहा, वाजला पाहिजे.

२. दुसऱ्या कढईत तूप, गूळ व पाणी घालून मंद आचेवर उकळत ठेवा. दर मिनिटाला एक थेंब गार पाण्याच्या वाटीत टाका आणि त्याचे काय होते ते वहीत लिहा.

३. गोळी टण् वाजली, की आच बंद करा. सुंठपूड व सोडा घालून झटकन ढवळा. सोड्यातून कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो आणि पाक फेसाळतो. या बुडबुड्यांमुळे गुळाची काच ठिसूळ होते आणि दातांना सोपी जाते. हवा भरून मार्शमॅलो हलके करतात, त्याचाच हा घरगुती प्रकार.

४. लगेच कुरमुरे मिसळा. तूप लावलेल्या ताटात मिश्रण ओतून वाटीच्या बुडाने थापा आणि कोमट असतानाच सुरीने वड्या पाडा. लाडू हवे असतील, तर ते मोठ्यांना वळू द्या. त्यांच्या हातांना सवय असते.

आता खरा प्रयोग. एकाच घाण्यातल्या तीन सारख्या वड्या घेऊन त्यांचे वजन करा. पहिली घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. दुसरी उघड्या ताटलीत. तिसरी डब्यातच, पण शेजारी पाण्याची लहान वाटी ठेवून. तीन दिवस रोज तिन्हींचे वजन करा आणि कोपरा मोडून आवाज ऐका. (मोडलेला तुकडा वजनात धरायला विसरू नका, म्हणजेच तो प्रयोग संपेपर्यंत खाऊ नका!) उघड्या वडीचे वजन वाढले, तर ते आले कुठून? तिच्यात तर कोणी काही घातले नाही. तुमच्या खोलीतली हवा तुम्ही तराजूत तोलत आहात, हे ओळखा.

किनाऱ्यावरच्या मुलांनी हा प्रयोग जुलैत आणि पुन्हा जानेवारीत करावा. सोलापूरकडे एखादा मित्र असेल, तर त्यालाही करायला सांगा आणि दोघांच्या वह्या शेजारी ठेवा. एकच कृती, एकच गूळ, तरी आकडे निराळे का, याचे उत्तर तुम्हीच द्याल.

आणि पुढच्या वेळी आजीने पाकाचा थेंब वाटीत टाकला, की जवळ जाऊन कान द्या. टण् असा आवाज आला, तर समजा: पाणी गेले, काच झाली, आता डबा आणा!