साउंडबारचा अडॅप्टर गेला? नवा घेताना काय पाहाल, किती मोजाल

साउंडबार चालूच होत नाही, किंवा दिवा लागतो पण आवाज वाढवला की बंद पडतो. अशा वेळी सेट बदलण्याआधी अडॅप्टर तपासा. मल्टिमीटरवर १२ व्होल्ट दिसले म्हणून तो धडधाकट ठरत नाही. आतला कंडेन्सर थकला असेल, तर लोड आल्यावर व्होल्टेज कोसळते. त्याच मापाचा दुसरा अडॅप्टर लावून पाहणे, ही खात्रीची परीक्षा.

लेबलवरच्या चार गोष्टी

- व्होल्ट: जेवढे लिहिले तेवढेच हवेत. १२ च्या जागी १९ लावले, तर सेट जळू शकतो.
- अँपिअर: मूळ आकड्याइतके किंवा जास्त. सेट लागेल तेवढाच करंट ओढतो, म्हणून २ अँपिअरच्या जागी ३ चालतात. १ लावला तर अडॅप्टर तापतो.
- एसी की डीसी: सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ म्हणजे डीसी, लाटेसारखी खूण म्हणजे एसी. बहुतेक अडॅप्टर डीसी देतात, पण काही ऑडिओ मिक्सरना एसीच लागतो.
- पिन: बाहेरून ५.५ मिमीच्या पिनचे आतले भोक २.१ किंवा २.५ मिमी असते. चुकीची पिन सैल बसते किंवा शिरतच नाही. बहुतेक ठिकाणी आतला भाग प्लस असतो; गिटारच्या पेडलना मात्र बहुधा मायनस. जुना अडॅप्टर सोबत न्या.

अंदाजे खर्च

- १२ व्होल्ट २ अँपिअर: १५० ते ३५० रुपये
- १२ व्होल्ट ५ अँपिअर: ३५० ते ७०० रुपये
- २४ व्होल्ट ५ अँपिअर: ७०० ते १,५०० रुपये
- कंडेन्सर बदलून दुरुस्ती: १५० ते ३०० रुपये

शहर आणि ब्रँडनुसार हे भाव बदलतात. कंपनीचा मूळ अडॅप्टर याच्या कितीतरी पट महाग पडू शकतो. वॉरंटी शिल्लक असेल, तर मात्र आधी सर्व्हिस सेंटर गाठा.

छोट्या अ‍ॅम्प्लिफायरवर ‘१२ ते २४ व्होल्ट डीसी’ असे लिहिले असेल, तर घरात पडून असलेला लॅपटॉपचा १९ व्होल्ट, ३.४२ अँपिअरचा अडॅप्टर फुकटात काम भागवतो. तो ६५ वॅटचा असतो. घरातल्या खोलीला तेवढे पुष्कळ. पिन वेगळी असेल तर कन्व्हर्टर पिन थोडक्यात मिळते.

स्वस्त कुठवर?

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत पर्याय भरपूर मिळतात. दुकानातच लावून, आवाज वाढवून ऐका. गाणे थांबवल्यावर स्पीकरमधून शिट्टीसारखा बारीक आवाज आला, तर अडॅप्टर बदलून मागा. सगळीच घरघर अडॅप्टरची नसते; टीव्हीची ऑडिओ केबल काढल्यावर ती थांबली, तर दोष अर्थिंगच्या जोडणीत शोधा.

अडॅप्टरवर बीआयएसची खूण आणि ‘आर’पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर टाकून दुकानातच पडताळता येतो. २३० व्होल्ट आणि तुमचा सेट यांच्यामध्ये हीच डबी उभी असते. क्रमांक जुळत नसेल, तर पन्नास-शंभर रुपये वाचवायच्या मोहात पडू नका. पक्के बिल घ्या आणि बदलून देण्याची मुदत त्यावर लिहून मागा.